लिफ्ट किट घेण्याआधी टेप घेऊन गाडीखाली शिरा

पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. कुणाची नवी जिम्नी असते, कुणाची थार, कुणी हौसेनं जुनी जिप्सी उचललेली असते. प्रश्न एकच: "दोन इंच लिफ्ट करायची आहे, स्वस्तात काय बसेल?" लिफ्ट करणं म्हणजे स्प्रिंग किंवा ठोकळे बदलून गाडीची बॉडी उंच करणं, आणि त्या सुट्या भागांचा संच म्हणजे लिफ्ट किट. मी आधी विचारतो, गाडी घासते कुठं? बहुतेकांचं उत्तर असतं, "खाली." खाली म्हणजे नेमकं कुठं, यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो. म्हणून किट शोधण्याआधी एक टॉर्च आणि एक टेप घेऊन गाडीखाली शिरा आणि ओरखडे कुठं आहेत ते बघा.

ओरखडे तीन ठिकाणी सापडतात. पहिली जागा पुढच्या-मागच्या बंपरची खालची कड. चढ सुरू होताना किंवा उतार संपताना ती टेकते. दुसरी जागा गाडीचं पोट, म्हणजे दोन एक्सलांच्या मधला भाग: चेसिसचे आडवे तुकडे, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी), सायलेन्सरचा पाइप. बांध ओलांडताना गाडी तिथं बसते. तिसरी जागा डिफरन्शियलचा गोळा, एक्सलच्या नळीवर जो फुगवटा दिसतो तो. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर त्यात असतात. तिन्ही ठिकाणचं दुखणं वेगळं आहे आणि लिफ्ट किट हे त्यातल्या दोनांचंच औषध आहे.

गोळा वर उचलला जात नाही

आपल्याकडची पाणंद डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरनं दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे गवताचा उंचवटा, त्यात एखादा दगड लपलेला. तुमची चाकं चाकोरीत उतरली की उंचवट्यावर सगळ्यात आधी घासतो तो डिफरन्शियलचा गोळा. आता जिम्नीला पुढं आणि मागं अखंड एक्सल आहेत, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच कडक नळी. ही नळी टायरवर उभी असते आणि स्प्रिंग तिच्या डोक्यावर बसलेली असते. स्प्रिंग उंच करा, तिच्याखाली ठोकळा ठेवा, काहीही करा. वर जाते ती चेसिस आणि बॉडी. एक्सल होता तिथंच राहतो. कंपनीनं जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनचं अंतर, 210 मिलिमीटर सांगितलाय. तो सगळ्यात खालच्या जागेचा, म्हणजे गोळ्याचा आहे. दोन इंच लिफ्ट केल्यावरही गोळ्याखाली टेप लावला तर 210 च भरतील.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. त्याला मी गाडीखालीच नेतो आणि बोट ठेवून दाखवतो.

गोळा उचलायचा तर मोठं टायर हाच एक सोपा उपाय, आणि त्याचा हिशेब घरी कागदावर करता येतो. जिम्नीचं मूळ टायर 195/80 आर 15. रुंदी 195 मिलिमीटर, त्याच्या 80 टक्के म्हणजे 156 ही एका बाजूच्या भिंतीची उंची. वरची आणि खालची मिळून 312, त्यात 15 इंची रिमचे 381 मिळवा. टायरचा व्यास 693 मिलिमीटर. आता लोकप्रिय असलेलं 215/75 आर 15 घ्या. त्याचा व्यास भरतो सुमारे 703. फरक दहा मिलिमीटरचा, पण एक्सल टायरच्या मध्यावर असल्यामुळे गोळा वर जातो निम्माच, पाच मिलिमीटर. 235/75 आर 15 वर गेलात तर व्यास साधारण 733 आणि गोळा 20 मिलिमीटर वर. त्याची किंमतही मोजावी लागते. स्पीडोमीटर जवळजवळ सहा टक्के कमी दाखवायला लागतो, चढावर गिअर जड वाटतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून एखादा खड्डा लागला की टायर आत घासतं.

त्या टायरला जागा करून देणं हे लिफ्टचं एक खरं काम. दुसरं काम पोट आणि बंपर वर नेण्याचं. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीनदारी जिम्नीपेक्षा आपली पाचदारी 340 मिलिमीटरनं लांब आहे. त्यामुळे तीनदारीचा पोटाखालचा कोन (पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येईल ते सांगणारा) 28 अंश असताना आपलीचा 24 आहे. बांधावर पोट टेकणं हे पाचदारीचं खरं दुखणं, आणि तिथं लिफ्टचा फायदा स्पष्ट दिसतो.

थारचं गणित थोडं निराळं. 2020 च्या थारला मागं अखंड एक्सल आहे, पण पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांपासून वेगळी वरखाली होतात. पुढचा गोळा चेसिसला टांगलेला असल्यामुळे लिफ्टबरोबर तोही वर जातो. मात्र गोळ्यापासून चाकाकडं जाणारे छोटे शाफ्ट आता तिरपे होतात. त्यांच्या टोकाचे सांधे ठरावीक कोनापर्यंतच सुखानं फिरतात. त्यापलीकडं गेलं की आधी रबरी बूट फाटतो, मग आत चिखल जातो आणि शेवटी सांधाच खडखडतो. म्हणून पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला दीड-दोन इंचांच्या वर नेऊ नका. तीन-चार इंचांचं स्वस्त किट दिसलं तर ते शाफ्टच्या जिवावर स्वस्त आहे असं समजा.

पक, स्प्रिंग आणि शॉकअप

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतं ते पक किट, ज्याला स्पेसरही म्हणतात. रबर, पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या स्प्रिंगच्या टोकाशी बसवायच्या. काही हजारांत काम होतं, अर्ध्या दिवसात गाडी दोन इंच उंच दिसते. गाडीच्या मऊपणात फरकही जाणवत नाही, कारण स्प्रिंग तीच, तिच्यावरचं वजन तेच. त्यामुळे लोक खूश होतात. खरा फरक चाक हवेत लोंबतं तेव्हा कळतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप स्प्रिंगची उडी आवरतो आणि चाक किती खाली लोंबू शकतं त्याची मर्यादाही बहुतेक गाड्यांत तोच ठरवतो. समजा गाडी सपाटीवर उभी असताना चाकाला दहा सेंटिमीटर वर जायला आणि दहा सेंटिमीटर खाली उतरायला जागा आहे. पाच सेंटिमीटरचा पक घातला, शॉकअप जुनाच ठेवला. गाडी पाच सेंटिमीटर वर गेली म्हणजे शॉकअप उभ्या जागीच पाच सेंटिमीटर ताणला गेला. आता चाकाला खाली उतरायला उरले पाचच. ओढ्यात तिरपी उतरताना जे चाक आधी जमिनीला धरून असायचं ते आता लवकर अधांतरी होतं, आणि अधांतरी चाक जागच्या जागी गरगरत बसतं. गाडी उंच झाली आणि पकड कमी झाली.

वरच्या बाजूलाही एक त्रास आहे. चाक जास्तीत जास्त किती वर जाईल ते बम्प स्टॉप नावाचा रबरी गट्टू ठरवतो. पक घातल्यावर तो आपल्या जागीच असतो, पण स्प्रिंगला पूर्वीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त दबावं लागतं. कधी कधी गट्टू टेकायच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसतात आणि सगळा धक्का लोखंडातून लोखंडात जातो. पकबरोबर बम्प स्टॉपखाली घालायचा ठोकळा मिळत नसेल तर ते किट अर्धवट आहे.

चाकाचा प्रवास किती वापरला जातोय हे बघायची घरगुती युक्ती आहे. बम्प स्टॉपच्या टोकाला कणकेचा लिंबाएवढा गोळा चिकटवा आणि नेहमीच्या खडबडीत वाटेवर एक फेरी मारून या. गोळा चपटा झाला असेल तर सस्पेन्शन टोकाला जाऊन आदळतंय. जसाच्या तसा असेल तर आहे तोच प्रवास अजून शिल्लक आहे, आणि तुमच्या वाटेला लिफ्टपेक्षा हवा कमी केलेलं टायर पुरेल.

म्हणून माझं मत सरळ आहे. दोन इंच हवे असतील तर स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप एकाच संचात घ्या. हा संच नावाजलेल्या कंपनीचा असेल तर लाखाच्या घरात जातो, आणि तेवढे पैसे आज नसतील तर थांबा. एक इंचाचा पक मला चालतो, तोही बम्प स्टॉपच्या ठोकळ्यासकट.

संच घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: ही स्प्रिंग किती किलो जादा वजनासाठी आहे? जिम्नीसारख्या गाड्यांची बरीच किट ऑस्ट्रेलियातल्या वापराचा विचार करून बनतात. तिथं लोक पुढं लोखंडी बुलबार आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), मागं पाण्याची टाकी आणि सामानाचे खण घेऊन फिरतात. त्या वजनासाठी बनलेली स्प्रिंग आपल्या रिकाम्या 1,200 किलोच्या गाडीला लावली तर गाडी सांगितल्यापेक्षा उंच राहते आणि लाकडासारखी कडक चालते. एकाच किटमध्ये हलकी, मध्यम, जड असे पर्याय असतात. आज गाडीवर खरोखर जे वजन आहे त्याचीच स्प्रिंग घ्या. पुढं कधीतरी विंच लावू, या बेतावर जड स्प्रिंग घेऊन वर्षभर पाठ शेकणारे लोक मी पाहिलेत.

स्थानिक कारागिराकडून स्प्रिंग वळवून घेण्याचा मोह होतो, तिथं एक आकडा लक्षात ठेवा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 12 मिलिमीटरच्या तारेऐवजी 13 ची वापरली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी स्प्रिंग जवळपास 38 टक्के कडक होते. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

उंचीबरोबर बिघडणाऱ्या गोष्टी

सायकलचा पुढचा चिमटा किंचित पुढं कललेला असतो, म्हणून हात सोडला तरी चाक सरळ राहतं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल असतो. त्याला कास्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. जिम्नीचा पुढचा एक्सल दोन लांब दांड्यांनी चेसिसला धरलेला आहे. चेसिस वर गेली की दांड्यांची मागची टोकं वर जातात आणि एक्सल पुढं झुकतो. दांडी समजा 80 सेंटिमीटरची आणि लिफ्ट पाच सेंटिमीटरची. एक्सल साडेतीन अंशांच्या आसपास फिरला. कास्टर मुळातच चार-दोन अंशांचा मामला, त्यातले साडेतीन गेले तर उरलं काय? गाडी हायवेवर तरंगल्यासारखी होते, ट्रक शेजारून गेला की वाहते, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. साध्या अलाइनमेंटच्या दुकानात हे दुरुस्त होत नाही, कारण अखंड एक्सलला कास्टर फिरवायचा स्क्रूच नसतो. त्यासाठी भोक बाजूला सरकवलेले कास्टर बुश (दांडीच्या सांध्यात बसणारे रबरी तुकडे) किंवा वेगळ्या दांड्या घ्याव्या लागतात.

एक्सल डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चेसिसला, दुसरं एक्सलला. चेसिस उंच झाली की हा दांडा तिरपा होतो आणि एक्सलला बाजूला ओढतो. गाडीच्या मागं उभं राहून पाहिलं तर एका बाजूचं टायर बॉडीबाहेर जास्त डोकावताना दिसतं. सरकणं थोडं असेल तर चालतं. बोटभर असेल तर लांबी बदलता येणारा दांडा घ्या. आणि ज्या गाडीचं स्टिअरिंग मुळातच ठरावीक वेगाला थरथरतं, तिला लिफ्ट करूच नका. आधी बुश, बेअरिंग, टायरॉडची टोकं तपासून घ्या, नाहीतर थरथर दुप्पट होईल.

सगळ्यात जास्त काळजी मला ब्रेक होजची, म्हणजे चाकाकडं ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी नळीची वाटते. ओळखीतल्या एका मुलाची पक किट बसवलेली गाडी आम्ही एकदा चेसिसखाली घोड्या लावून टांगली आणि एक्सल सुटा सोडला. गाडी रस्त्यावर झकास चालत होती, तक्रार काही नव्हती. एक्सल खाली उतरला तसा पुढच्या उजव्या चाकाचा रबरी होज वाळवणाच्या दोरीसारखा ताठ झाला. जवळ जाऊन पाहिलं तर होज जिथं धातूच्या टोपीत शिरतो तिथं रबरावर केसाएवढ्या बारीक आडव्या भेगा. एखाद्या चरात ते चाक पूर्ण लोंबलं असतं तर पुढच्या उतारावर ब्रेकचं पेडल खाली गेलं असतं. लांब होज, किंवा होजचा कंस खाली घेणारी पट्टी, ही फार महाग वस्तू नाही. किट कुठलंही बसवा, बसवल्यावर गाडी अशी टांगून सगळे होज आणि एबीएसच्या तारा डोळ्यांनी बघा, पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

उंच गाडी लवकर उलटते, हे सगळे ऐकून असतात. किती लवकर, ते असं समजून घ्या: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर 140 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 70 वर, तर उत्तर येतं 1. पाच सेंटिमीटर वर नेलं की 0.93. आकडा जितका लहान तितकी गाडी कलंडायला सोपी. वर छतावर जाळी, त्यावर स्टेपनी आणि जेरीकॅन चढवलेत तर तो आणखी खाली येतो. घाटातल्या वळणावर हा फरक लिफ्ट करून आणल्याच्या पहिल्याच दिवशी जाणवतो.

पाट्यांच्या गाड्या

जिप्सी, एमएम 540 आणि तसल्या जुन्या जीपवाल्यांचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. या गाड्यांना चारही बाजूंना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात आणि वर्षानुवर्षांच्या वजनानं ते बसलेले असतात. लिफ्ट म्हणून जे हवं असतं त्यातला मोठा भाग म्हणजे गमावलेली मूळ उंचीच असते. पाटे खोलून, त्यांना नव्यानं कमान मारून, टेम्पर करून देणारे कारागीर ट्रकच्या थांब्याजवळ अजूनही सापडतात. जुने बुश आणि शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) यांच्या पिन बदलून घेतल्या की गाडी हलकी होऊन उभी राहते. माझ्या दृष्टीनं बजेटमधली सगळ्यात समाधान देणारी लिफ्ट हीच.

लांब शॅकल मात्र फसवी आहे. शॅकल पाच सेंटिमीटरनं वाढवली तर गाडी अडीचच सेंटिमीटर उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. शिवाय जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्यामुळे ती वाढवली की एक्सल पुढं कलतो आणि तोच कास्टरचा त्रास मागं लागतो. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवण्याची पद्धतही जिप्सीवाल्यांत आहे. त्यानं पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, पण स्टिअरिंगच्या दांड्या, ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळंच नव्यानं जुळवावं लागतं आणि एक्सलवर वेल्डिंग आलं. रोज मुलांना शाळेत सोडणारी गाडी असेल तर तिकडं वळू नका.

2010 साली आलेल्या पहिल्या थारला पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळला जाणारा लांब दांडा. बोल्ट आवळला की पुढचा भाग फुकटात वर येतो. खालचा प्रवास मात्र तेवढाच कमी होतो, म्हणून एखाद्या इंचावर थांबा आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या.

पैसे कुठं आधी

बजेट कमी असेल तर माझा क्रम असा: आधी हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि प्रेशर गेज, मग चांगली टायर, मग पोटाखालची जाड प्लेट, मग लिफ्ट. खडबडीत वाटेवर टायरमधली हवा रस्त्यावरच्या हवेपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी केली की टायर पसरतं, दगड धरतं, चिखलात तरंगतं. परत डांबरीवर आलं की हवा भरून घ्यायची. यातून मिळणारी पकड पाहून लिफ्टचा विचार सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत. आणि पोटाखाली मजबूत प्लेट असेल तर बांधावर गाडी घासली तरी घसरत पुढं जाते. ते घासणं अपमानाचं नाही.

लिफ्टच घ्यायची ठरली तर हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा. कास्टर बुश, होज, अलाइनमेंट, मजुरी आणि एखादा गंजून तुटलेला बोल्ट त्यातच भागतो. सेकंडहँड किट मिळत असेल तर शॉकअपची चकचकीत दांडी नखानं चाचपा. खवले किंवा तेलाचा ओला थर लागला तर सोडून द्या. स्प्रिंगच्या दोन्ही जोड्या जमिनीवर उभ्या करून उंची मोजा, कारण बसलेली स्प्रिंग अशीच ओळखता येते.

कायद्याची बाजू प्रत्येकानं माहीत करून घ्यायला हवी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182 अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. खर्चात ही जोखीमही धरा, आणि आरटीओत विचारूनच पुढं जा. गाडी उंच झाली म्हणून कोकणातल्या सड्यांवर आणि पठारांवर ती घालू नका, एवढी कळकळीची विनंती. तिथली माती बोटभर जाडीची असते आणि एका फेरीत पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते.

किट बसवताना स्वतः समोर उभे राहा आणि एक गोष्ट मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. दांड्यांच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावायचे. गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर आणि दोन-चार वेळा दाबून हलवल्यावर पक्के आवळायचे. लोंबत्या स्थितीत आवळले तर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी सांगितलेल्या उंचीवर बसत नाही आणि काही महिन्यांत बुश फाटतो. त्याच संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइट खाली घ्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घेऊन लिहून ठेवा. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा, आणि तीच चार मापं पुन्हा घ्या. नवी स्प्रिंग थोडी बसते. एका बाजूला दुसरीपेक्षा बोटभर जास्त बसली असेल तर वॉरंटीचा कागद तेव्हाच बाहेर काढा.